खांबाला लाकडी आवरण: साहित्य निवडताना आधी कोपरा बघा

खोलीच्या मधोमध उभा असलेला खांब लाकडात झाकायचं ठरलं की बहुतेक लोक आधी रंग आणि लाकडाच्या रेषा पसंत करतात. ही निवड शेवटी करायची असते. भिंतीवरच्या पॅनेलच्या कडा कुठेतरी लपवता येतात. खांबाला चार कोपरे असतात, चारही उघडे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा, पिशवी, खुर्ची नेमकी तिथेच घासते. त्यात लादी पुसताना रोज बुडाशी पाणी पोचतं. म्हणून क्रम असा ठेवा: कोपरा कसा जोडायचा, बुडाला काय लावायचं, आणि मग दर्शनी बाजूला काय दिसावं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की लाकडाचे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी खांब ओळखा

आरसीसी खांब असेल तर त्याला तासायचं, छिलायचं किंवा त्यात खाचा पाडायच्या नाहीत. आवरण जाड होतंय म्हणून कोपऱ्यावरचं काँक्रीट फोडणं तर मुळीच नको. आतल्या सळ्यांवर काँक्रीटचं संरक्षक आवरण साधारण २५ ते ४० मिमी असतं आणि त्यावर १२ ते १५ मिमी प्लास्टर. म्हणजे ४५ मिमी खोल भोक बहुतेक वेळा सळीच्या अलीकडेच थांबतं. ड्रिलच्या पात्याला ४५ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. तरीही सळी लागली तर जोर लावू नका, भोक ३० ते ४० मिमी सरकवा. खांबावर स्विचबोर्ड असेल तर प्लास्टरखाली वायरचा पाइप आहे असंच धरून चाला आणि त्याची वाट डिटेक्टरने शोधून पेन्सिलीने आखा.

लोखंडी खांबावर आगीपासून बचावाचा रंग किंवा बोर्ड असू शकतो. हा रंग तापल्यावर फुगतो आणि त्या फुगलेल्या थरामुळेच पोलाद उशिरा तापतं. त्यात स्क्रू मारला किंवा त्याला चिकटून लाकूड बसवलं तर फुगायला जागाच राहत नाही. अशा खांबाला हात न लावता भोवती स्वतंत्र चौकट उभी करा आणि मधली मोकळी जागा रंगाच्या उत्पादकाने सांगितली असेल तेवढी ठेवा. सार्वजनिक इमारतीत अग्निसुरक्षेचे नियम साहित्याचा वर्गही ठरवतात, तो आधी विचारून घ्या.

तिसरी गोष्ट ओल. नव्या प्लास्टरला किमान चार आठवडे सुकू द्या. जुन्या खांबावर बुडाशी पांढरी भुकटी किंवा रंगाचे पापुद्रे दिसले तर ४५० मिमी चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. काढल्यावर आतून दव धरलेलं असेल किंवा खांबाचा तेवढा भाग गडद झाला असेल तर ओल आतून येते आहे. तिचं कारण शोधल्याशिवाय लाकूड चढवलं तर पहिल्याच वर्षात बुरशी आणि वाळवी या दोन्हींची सोय होते.

माप सहा ठिकाणी

खांब सरळ असतो हे गृहीत धरू नका. लांबी आणि रुंदी बुडाशी, मध्ये आणि वर अशी तीन उंचींवर मोजा. चारही बाजूंना ओळंबा सोडून खांब कुठे बाहेर आला आहे ते बघा आणि कोपऱ्यांना गुण्या लावा. आवरणाचं माप सगळ्यात फुगीर जागेवरून ठरतं, सरासरीवरून नाही. खांब सगळीकडे २-३ मिमीच्या आत सरळ असेल तर पातळ पॅनेल थेट चिकटवता येतं. त्याहून जास्त फरक असेल तर फ्रेम हवीच.

लाकूड रुंदीत हलतं

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रेषेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळपास हलत नाही. रुंदीत मात्र चांगलंच हलतं, आणि किती हलणार ते फळी कशी चिरली आहे यावर असतं. ओंडक्याच्या वर्तुळांना समांतर चिरलेली पसरट फळी, जिच्यावर डोंगरासारख्या कमानी दिसतात, ती उभ्या सरळ रेषेच्या फळीपेक्षा साधारण दुप्पट आकुंचन पावते.

आकडे बघा. हवेतली आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असतं आणि ८० टक्के असताना सुमारे १६. खोलीतल्या लाकडाचा वर्षभरातला फरक ४ टक्के धरला तर ३०० मिमी रुंद पसरट सागवानी फळी सव्वादोन मिमीच्या आसपास हलते. तीच फळी उभ्या रेषेची असेल तर जेमतेम सव्वा मिमी. पसरट चिरलेला व्हाइट ओक तेवढ्याच रुंदीत ४ मिमी ओलांडतो.

आता हा ओक खांबाच्या फ्रेमवर गोंद आणि खिळ्यांनी पक्का जखडला तर काय होईल? फ्रेम हलत नाही, लाकडाला आकसायचं असतं. मग एक तर फळी मधून चिरते किंवा दोन्ही कोपरे दोन-दोन मिमी उघडतात, आणि फळीने वाक धरला तर कोपऱ्याची धार बाहेर येते. सुताराने कितीही नेमका काट दिलेला असला तरी हे घडणारच. दोष कामाचा नसतो, साहित्याच्या निवडीचा असतो.

साहित्य: कुठे काय

*अखंड लाकूड.* रुंद बाजूला एकसंध अखंड फळी लावू नका, एवढा एक नियम पाळला तरी बरंच काही वाचतं. अखंड लाकूड हवंच असेल तर ८० ते १०० मिमी रुंदीच्या, जीभ आणि खाच असलेल्या उभ्या पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टी आपापल्या खाचेत अर्धा-पाऊण मिमी हलते, ते कुणाला दिसत नाही. जीभ बसवण्याआधी पॉलिश करून घ्या. नाहीतर कोरड्या दिवसांत पट्टी आकसली की खाचेतून बिनरंगाची रेघ डोकावते. पाणी मापणाऱ्या यंत्रावर लाकूड ८ ते १२ टक्क्यांत असलं पाहिजे, आणि बसवण्याआधी किमान आठवडाभर त्याच खोलीत, पट्ट्यांमध्ये हवा खेळेल असं रचून ठेवा.

जातींबद्दल थोडक्यात. सागवान कमी हलतं, पण त्यात नैसर्गिक तेल असतं. गोंद लावण्याआधी जोडाची जागा थिनरने पुसून लगेच चिकटवा. ओकमध्ये टॅनिन असतं, त्यामुळे साधे लोखंडी खिळे आणि ओलसरपणा एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात. तिथे स्टेनलेस स्टीलचे खिळेच वापरा. पाइन स्वस्त आणि हलकं, पण मऊ. खांबाच्या कोपऱ्यावर त्याला पोचे पडतात, आणि रंग द्यायचा असेल तर गाठींवर आधी लाखेचं सीलर हवं, नाहीतर राळ रंगातून पिवळी वर येते. अक्रोडाचं लाकूड उजेडात वर्षागणिक फिकट होतं. खिडकीकडची बाजू आणि मागची बाजू वेगळी दिसू लागेल, हे आधीच मान्य असेल तरच घ्या.

*प्लायवूड.* आमच्या मते बहुतेक खांबांसाठी हाच योग्य गाभा आहे. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून रुंदीतली हालचाल फारच कमी. स्क्रू चांगला धरतो. १८ मिमीची २४४० × १२२० शीट साधारण ३० ते ३२ किलो भरते. विकत घेताना कड बघा: थरांमध्ये पोकळी दिसली तर ४५ अंशांचा काट मारताना नेमकी तीच धार तुटते. जमिनीलगतच्या भागाला पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा प्लायच घ्या.

*एमडीएफ,* म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड. रंग द्यायचा असेल तर याच्यासारखा सपाट पृष्ठभाग दुसरा नाही. धार स्वच्छ कापली जाते, नक्षीची खाच सुरेख येते. पण तेवढीच शीट चाळीस किलोच्या घरात जाते, कडेत मारलेला स्क्रू बोर्ड फाडतो आणि पाणी लागलं की जाडीत फुगतो. तो फुगवटा वाळल्यावरही परत बसत नाही. कडांना दोन हात प्रायमर आणि बुडाशी दुसरं साहित्य, या दोन अटींवर वापरा. बंद खोलीत कोणताही बोर्ड घेताना फॉर्माल्डिहाइडचं उत्सर्जन ई-१ किंवा त्याहून कमी आहे का ते शिक्क्यावर बघा.

*व्हिनियर,* म्हणजे प्लायवर चिकटवायचा खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. अखंड लाकडाचं रूप आणि प्लायचा स्थिरपणा एकत्र मिळतो. पातळ व्हिनियर जेमतेम अर्धा मिमी असतं, त्यामुळे कोपऱ्यावर मशीनने घासलं की खालचा प्लाय उघडा पडतो. कोपरे हातानेच घासा, १८० आणि मग २४० नंबरच्या कागदाने. एका बाजूला व्हिनियर लावलं तर मागच्या बाजूलाही तितकाच थर हवा. नाहीतर पॅनेल धनुष्यासारखं वाकतं.

*लॅमिनेट,* म्हणजे बोलीतला सनमायका, ओरखड्यांना सगळ्यात टिकाऊ. त्याची अडचण कोपऱ्यावर: १ मिमीच्या शीटची काळपट कड उभी रेघ होऊन वरपासून खालपर्यंत दिसते. म्हणून लॅमिनेट घेतलं तर कोपऱ्याला लाकडी किंवा धातूची पट्टी गृहीतच धरा.

*डब्ल्यूपीसी* (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड) *आणि पीव्हीसी* पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून बुडाला उत्तम. पूर्ण खांबाला वापरण्याआधी आगीत त्यांचा धूर किती होतो याची माहिती मागा.

कोपऱ्याचे चार प्रकार

४५ अंशांचा काट सगळ्यात देखणा आणि सगळ्यात नाजूक. व्हिनियर केलेल्या प्लायला तो शोभतो, कारण रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे जाते. करवतीचं पातं ४५ अंशांपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे बाहेरची धार आधी टेकते आणि फट राहिलीच तर आत राहते. काट झाल्यावर धार दीड मिमी गोल करा. तलवारीसारखी ठेवलेली धार महिन्याभरात तुटते.

वर्दळीच्या जागी अखंड लाकडाचं लिपिंग बरं. प्लायच्या कडेला १२ ते २० मिमीची पट्टी चिकटवा, मग पृष्ठभागाशी एकसारखी रंधून घ्या. धक्का लाकूड सोसतं, व्हिनियर वाचतं. इतक्या अरुंद पट्टीची हालचाल नगण्य असते.

तिसरा प्रकार खाचेचा: दोन पॅनेल कोपऱ्यात मुद्दाम एकमेकांपासून ५-६ मिमी दूर ठेवायची आणि मागे गडद पट्टी लावायची. मापातला बारीक फरक त्या सावलीत मिटून जातो. खांब वाकडा असेल तर हाच घ्या.

चौथा, एल आकाराची मोल्डिंग वरून ठोकायची. काम झटपट होतं. रंगवलेल्या एमडीएफवर ती खुलते, व्हिनियरवर मात्र चिकटवल्यासारखी दिसते.

एका खांबाचा हिशेब

प्लास्टरसह ३०० × ४५० मिमीचा खांब, उंची २७०० मिमी. पट्ट्या २५ × ५० मिमी. खांबाचा वाकडेपणा पाचरींनी भरून काढायला प्रत्येक बाजूला ५ मिमी धरा. म्हणजे दोन्ही दिशांना ६० मिमी वाढून फ्रेमचं बाहेरचं माप ३६० × ५१०. त्यावर १८ मिमी पॅनेल, कोपरे ४५ अंशांत: तयार आवरण ३९६ × ५४६.

पॅनेल दोन ३९६ ची, दोन ५४६ ची. १२२० रुंदीच्या एका शीटमधून एक मोठं आणि एक छोटं निघतं: ३९६ + ५४६ = ९४२, कापातली घट धरून ९५०. म्हणजे दोन शीट. एकाच शीटमधले शेजारचे तुकडे एकाच कोपऱ्यात जोडा, रेषा आपोआप जुळते. उरलेली सुमारे २७० मिमीची पट्टी बुडाच्या आणि वरच्या पट्ट्यांमागे भरायला लागते.

शीट मात्र २४४० ची आणि खांब २७०० चा. २६० मिमी कमी पडतात. मध्ये आडवा जोड देऊ नका, तो डोळ्याच्या पातळीवर येतो. पॅनेल जमिनीपासून १५० मिमीवर सुरू करा, वर ११० मिमी उरतात. खाली १६० मिमीची बुडपट्टी आणि वर १२० मिमीची मोल्डिंग लावली की दोन्हीकडे पॅनेल १० मिमीने झाकलं जातं.

फ्रेमच्या पट्ट्या: चार उभ्या २६९० च्या म्हणजे १०.८ मीटर, रुंद बाजूंच्या आडव्या ४१० मिमीच्या बारा म्हणजे ४.९, अरुंद बाजूंच्या ३१० मिमीच्या बारा म्हणजे ३.७. एकूण १९.४ मीटर, घट धरून २१ मीटर आणा. स्क्रू ७५ मिमीचे २४ आणि तितक्याच ८ मिमीच्या गिट्ट्या (स्क्रू पकडायला भोकात बसवायचे प्लग).

जोडणी

१. फ्रेमच्या पट्ट्यांना वाळवीरोधक द्रावण दोन हात मारून पूर्ण वाळवा.

२. जमिनीवर पट्ट्यांच्या दोन शिड्या बांधा, प्रत्येक ५१० मिमी रुंद. आडव्या पट्ट्या बुडाशी, मग दर ६०० मिमीवर आणि शेवटची अगदी वर, अशा सहा.

३. शिडी खांबाच्या ४५० मिमीच्या बाजूला लावा. दोन्हीकडे ३० मिमी बाहेर येईल, ते बरोबर आहे. स्क्रू आडव्या पट्ट्यांमधून मारा, खांबाच्या कोपऱ्यापासून कमीत कमी ७५ मिमी आत. धारेजवळ भोक पाडलं तर प्लास्टरसकट काँक्रीटचा तुकडा निघतो.

४. स्क्रू अर्धवट ठेवून ओळंबा बघा, मोकळ्या जागी जोडीने पाचरी सरकवा, मग आवळा. पाचर स्क्रूच्या अगदी शेजारी हवी. ती दूर राहिली तर आवळताना पट्टी वाकते.

५. दुसरी शिडी समोरच्या बाजूला लावा, मग दोन्ही शिड्यांमध्ये छोट्या आडव्या पट्ट्या ठोका. चारही कोपरे गुण्यात आहेत ना ते कर्णाचं माप घेऊन तपासा. दोन कर्णांत २ मिमीहून जास्त फरक नको.

६. पॅनेलची जोडणी खांबावर करू नका, टेबलावर करा. एक मोठं आणि एक छोटं पॅनेल दर्शनी बाजू वर करून धारेला धार लावून ठेवा, दर १५० मिमीवर टेप आडवी ओढा, पलटा, खाचेत सुताराचा पांढरा गोंद भरा आणि पुस्तकासारखं मिटा. असे दोन एल तयार होतात.

७. गोंद वाळल्यावर दोन्ही एल खांबाभोवती समोरासमोर सरकवा. आता जागेवर जोडायचे कोपरे चार नाहीत, दोनच. ते कमी दिसणाऱ्या बाजूंना आणा. गोंद लावून पट्ट्याने चहूबाजूंनी आवळा आणि बिनडोक्याचे बारीक खिळे ३०० मिमीवर मारा.

खांबात नळाचा पाइप किंवा जंक्शन बॉक्स असेल तर शेवटच्या पॅनेलला गोंद नको. ते लपलेल्या चिमट्यांवर अडकवा किंवा ३०० मिमीचं झाकण ठेवा. स्विचबोर्डचा डबा पॅनेलच्या पृष्ठभागापर्यंत पुढे आणायला हवा. वीज बंद करून हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

बूड आणि डोकं

बुडपट्टी डब्ल्यूपीसीची, दगडाची किंवा सर्व बाजूंनी सील केलेल्या अखंड लाकडाची घ्या आणि लादीपासून ३ मिमी वर ठेवून ती फट लवचिक सीलंटने भरा. या खांबाला कोपऱ्यांच्या काटांसह सव्वादोन मीटर पट्टी पुरते. फ्रेमच्या उभ्या पट्ट्याही लादीला टेकवू नका. ५ मिमी उचलून घ्या, नाहीतर पट्टीचं उघडं टोक लादी पुसण्याचं पाणी शोषून वर नेतं. वरच्या बाजूला फ्रेम छतात अडकवून घट्ट करू नका, ५ ते १० मिमी सोडा. मोल्डिंग एकाच गोष्टीला ठोका, पॅनेलला किंवा छताला. दोन्हीला ठोकली की ती जोडावर फाटते.

गोल खांब

इथे तीन मार्ग आहेत. वाकणारा प्लाय ५ मिमीच्या दोन थरांत, दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या समोरच्या बाजूला. शीट घेताना ती लांबीत वळते की रुंदीत ते विचारा, दोन्ही प्रकार मिळतात. दुसरा मार्ग, कापडावर चिकटवलेल्या अर्धगोल पट्ट्यांची चटई. ती लहान घेराच्या खांबाला सहज वळते. तिसरा, अखंड लाकडाच्या तिरक्या कडांच्या पट्ट्या. ३०० मिमी व्यासाच्या खांबाभोवती १५ मिमी जागा सोडून १२ पट्ट्या घ्यायच्या तर प्रत्येकीची आतली रुंदी सुमारे ८८ मिमी, १८ मिमी जाडीला बाहेरची सुमारे ९८, आणि दोन्ही कडांचा कोन १५ अंश. कोनात पाव अंशाची चूक झाली तरी २४ कडांवर मिळून ती ६ अंश होते आणि शेवटची पट्टी बसत नाही. म्हणून आधी टाकाऊ लाकडाचे १२ छोटे तुकडे कापून वर्तुळ मिटतं का ते बघा.

पॉलिश

पॅनेल बसवण्याआधी मागच्या बाजूला सीलरचा एक हात द्या. समोर पाच थर आणि मागे कोरं लाकूड असेल तर ओलावा एकाच बाजूने आत शिरतो आणि पॅनेल पोट काढतं. हात लागणाऱ्या उंचीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश टिकतं. तेल-मेणाचं पॉलिश दिसायला मऊ आणि डागडुजीला सोपं, पण वर्षातून एकदा परत लावावं लागतं. बसवल्यानंतर पहिला दमट आणि पहिला कोरडा हंगाम जाईपर्यंत कोपऱ्यात बारीक फट दिसली तर लगेच पुटी भरू नका. ती ऋतूबरोबर मिटते का ते बघा. कोरड्यात भरलेली कडक पुटी दमट हवेत लाकूड फुगलं की बाहेर ढकलली जाते आणि जाताना व्हिनियरची धार घेऊन जाते.